पाकिटावरचं तपकिरी तिकीट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आपलं सातवीतलं छंद प्रदर्शन. साल १९९२-९३. कोणी शंख-शिंपले आणले होते, कोणी काडेपेट्यांची कव्हरं, कोणी पक्ष्यांची पिसं. मी पिवळ्या कार्डशीटवर चाळीस पोस्टाची तिकिटं चिकटवून आणली होती आणि वर मोठ्या अक्षरात ‘जुनी तिकिटं’ असं लिहिलं होतं. दुसरा नंबर आला. कंपासपेटी मिळाली.

ती तिकिटं कुठून आली हे मात्र तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. आजीच्या लोखंडी पेटीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं पत्रांचं एक गाठोडं होतं. आजी दुपारी निजली की मी ते सोडायचे, पाकिटं परातीतल्या पाण्यात टाकायचे, तिकिटं सुटून वर आली की ती वहीत वाळत घालायचे. भिजून लगदा झालेली पाकिटं चुलीत. असं किती पाकिटांचं केलं याचा हिशोब नाही.

प्रदर्शनात इतिहासाचे सर माझ्या कार्डशीटसमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, शाबासकी देणार. ते म्हणाले, “तिकिटं छान आहेत गं. पण हे कुठून आलं? कधी आलं? कोणाला आलं?” मी गप्प. सर म्हणाले, “पाकिटाचं काय केलंस?” मी तेव्हाही गप्पच राहिले. सर, त्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांनी देत आहे. उशिराबद्दल क्षमा असावी.

चार वर्षांपूर्वी भोकरचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं. सामान आवरताना माळ्यावर ती पेटी सापडली. आजी २००३ मध्ये गेली, त्यानंतर कोणी ती उघडली नव्हती. गाठोड्यात अकरा पाकिटं उरली होती. आणि पेटीच्या तळाशी, चौघडी घातलेली, ती पिवळी कार्डशीट. आजीने जपून ठेवली होती. आपल्या पत्रांचं काय झालं हे तिला कळलं होतं तर!

मी ते सगळं पुण्याला घेऊन आले आणि सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करून त्या पाकिटांचा छडा लावायला बसले. पाकिटावरचं तिकीट कोणत्या सरकारचं, रंग कोणता, शिक्का कुठल्या पोस्टाचा, एवढंच पाहायचं होतं. पण एवढ्याने आमच्या घरात सत्तर वर्षं सांगितली जाणारी एक गोष्ट बदलली. ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्या सगळ्यांच्या घराचा आहे.

आपलं भोकर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, हे आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात ऐकलं. पण निजामाचं स्वतःचं टपालखातं होतं, स्वतःची तिकिटं होती, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. जगातलं पहिलं टपाल तिकीट १८४० मध्ये इंग्लंडमध्ये निघालं. ते काळं होतं. काळ्या तिकिटावर शिक्का नीट दिसेना, लोक ते पुन्हा वापरतील अशी भीती वाटू लागली, म्हणून पुढच्याच वर्षी त्याचा रंग तांबडा केला गेला. म्हणजे तिकिटाचा रंग ही पहिल्यापासून कामाची गोष्ट आहे. निरक्षर माणसालाही कोणतं तिकीट किती किमतीचं ते रंगावरून कळावं आणि टपाल वेगळं करणाऱ्या कारकुनाची नजर अडू नये, हा हिशोब त्यामागे असतो. पुढे आंतरराष्ट्रीय टपाल संघानेही रंग ठरवून दिले: छापील मजकुराला हिरवा, कार्डाला तांबडा, पत्राला निळा.

हैदराबाद संस्थानाचं पहिलं तिकीट १८६९ मध्ये निघालं, एक आण्याचं, शेवाळी हिरव्या रंगाचं. त्यानंतरच्या तिकिटांवर किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत छापलेली असे. निजामाच्या राज्यात मराठी शाळांचे काय हाल होते ते आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होतं, पण तिकिटाच्या कडेला बारीक अक्षरात का होईना, आपली मराठी होती. १९०८ च्या सुमारास अर्धा आणा हिरवा आणि एक आणा तांबडा झाला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातही त्या किमतींना तेच रंग होते.

आमच्या कार्डशीटवर जास्त होती ती १९३१ च्या मालिकेतली तिकिटं. ही मालिका प्रत्येकाने एकदा बघावी. चार पै काळं, आठ पै हिरवं, एक आणा तपकिरी आणि त्यावर चारमिनार. दोन आणे जांभळं, त्यावर हैदराबादचं हायकोर्ट. चार आणे निळं, उस्मानसागर तलाव. आठ आणे नारिंगी, त्यावर आपल्या अजिंठ्याच्या लेणीचं प्रवेशद्वार. बारा आणे लाल, बिदरचा मदरसा. एक रुपया पिवळं, त्यावर दौलताबादचा चाँदमिनार. सहा चित्रांतली दोन मराठवाड्यातली आहेत. सातवीत ही तिकिटं चिकटवताना अजिंठा उलटा लागला होता. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

हे पैसे मात्र हाली शिक्क्याचे, म्हणजे उस्मानिया चलनातले. इंग्रजी शंभर रुपयांना हाली एकशे सोळा रुपये आणि वर काही आणे पडत. निजामाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चाले. भोकरहून नांदेडला, परभणीला, हैदराबादला पत्र धाडायचं तर निजामाचं तिकीट पुरे. हद्दीबाहेरच्या टपालासाठी इंग्रजी तिकीट लागे आणि त्यासाठी संस्थानातल्या काही मोठ्या ठिकाणी इंग्रज सरकारची वेगळी पोस्टं होती. म्हणून जुनं पाकीट हातात आलं की पहिली गोष्ट बघायची ती ही: तिकीट कोणाचं आणि पत्ता कुठला. एवढ्यावरून ते हद्दीच्या आतलं की बाहेरून आलेलं, याचा अंदाज येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काळ. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. चारमिनारचं तिकीट म्हणजे पोलीस ॲक्शनच्या आधीचं पत्र, असं आपण धरून चालतो. पण १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं तरी निजामाची तिकिटं दुसऱ्या दिवशी बंद झाली नाहीत. हैदराबादचं टपालखातं भारत सरकारच्या टपालखात्यात सामील झालं ते १ एप्रिल १९५० ला. मधली दीड वर्षं चारमिनारच चालू होता. तिकीट आपल्याला फक्त इतकंच सांगतं की पत्र अमुक दिवसाच्या आधीचं असू शकत नाही. नेमका दिवस शिक्का सांगतो. आणि मी परातीत जे घालवलं ते नेमकं शिक्का मारलेलं अर्धं अंग होतं. शिक्का तिकिटावर अर्धा आणि पाकिटावर अर्धा पडतो. तिकीट सोडवलं की दोन्ही अर्धी मुकी होतात.

आता रंगाविषयी. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला वाटलं, हे काम माझ्या डाव्या हाताचं. प्रत्येक तिकीट स्कॅन करायचं, रंगाचे आकडे काढायचे, इंटरनेटवरच्या चित्रांशी ताडून बघायचे. दोन रविवारांत प्रोग्रामही लिहून झाला. तो दर तिकिटाला बेधडक नाव द्यायचा. एकदा त्याने चुकून स्कॅन झालेल्या चहाच्या डागालाही चारमिनार ठरवलं, तेव्हा माझे डोळे उघडले.

चूक प्रोग्रामची नव्हती, माझ्या समजुतीची होती. एकाच तिकिटाची चित्रं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या उजेडात काढलेली असतात. प्रत्येक स्कॅनर रंग आपापल्या परीने वाचतो. एकच तिकीट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापलं जातं आणि प्रत्येक खेपेला शाई थोडी निराळी उतरते. चारमिनारचा तपकिरी काही तिकिटांत गुळासारखा लालसर आहे, काहींत कातासारखा गडद. शिवाय वय. उन्हाने जांभळा उडतो, ओलीने हिरवा पसरतो, कागद पिवळा पडला की त्यावरचा प्रत्येक रंग मळकट दिसतो. सगळ्यांत फसवा नारिंगी. अशा काही जुन्या शायांत शिशाची संयुगं असत. हवेतल्या गंधकाच्या वायूने ती काळपट होतात आणि नारिंगी तिकीट चक्क तपकिरी दिसू लागतं. माझ्या कार्डशीटवरचा अजिंठा असाच झाला होता. नुसत्या रंगावर गेले असते तर तो एक आण्याचा ठरला असता.

जाणकार लोक काय करतात ते मग शिकले. तिकीट दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, राखाडी कागदावर ठेवून बघायचं. बाजूला खात्रीचं दुसरं तिकीट ठेवायचं, कारण डोळ्याला एकटा रंग ओळखता येत नाही, दोन रंगांतला फरक कळतो. भिंगाखाली छपाई बघायची. चारमिनारचं चित्र तांब्याच्या पळीवरच्या नक्षीसारखं बारीक रेषा कोरून केलेलं आहे, तर दुसऱ्या पद्धतीच्या छपाईत फोटोसारखे बारीक ठिपके दिसतात. मग कडेची भोकं मोजायची. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात याचा प्रत्येक छपाईचा ठरलेला आकडा असतो. रंग हा साक्षीदार आहे, पण म्हातारा साक्षीदार आहे. त्याचं ऐकायचं, आणि बाकीच्यांना विचारून खात्री करायची.

अकरांपैकी दहा पाकिटांनी फार त्रास दिला नाही. तीन निजामाची, पत्ते भोकर, मुदखेड आणि नांदेडचे. त्यातल्या एका पत्राच्या माथ्यावर फसली सन होता. ज्यांनी जमिनीचे जुने कागद काढले आहेत त्यांना फसली माहीत असेल. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदले, म्हणून सनात ५९१ मिळवायचे, आणि पत्र ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल तर ५९०. दोन पाकिटांवर १५ ऑगस्ट १९४९ ला निघालेल्या मालिकेतली तिकिटं होती, घारापुरीची त्रिमूर्ती आणि नटराज. तीन पाकिटं नये पैशांतली, म्हणजे १ एप्रिल १९५७ नंतरची, तिकिटावर भारताचा नकाशा. एकावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट होतं. ते बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ पर्यंत पत्रांना ते लावणं सक्तीचं होतं, त्यामुळे वर्ष शोधावं लागलंच नाही. शेवटच्या पाकिटावर पत्त्याखाली ४३१८०१ लिहिलं होतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवी. म्हणजे ते पत्र त्यानंतरचं. अक्षर माझ्या वडिलांचं, कॉलेजातून आजीला लिहिलेलं, पैसे मागणारं.

उरलं अकरावं.

हे पाकीट मी लहानपणी पाण्यात टाकलं नव्हतं, कोरडंच सोलायला गेले होते. तिकीट फाटलं. घाबरून मी ते परत गाठोड्यात कोंबलं होतं. आता त्यावर तपकिरी रंगाची बोटभर पट्टी उरली होती, एका बाजूला भोकांची थोडी कड, आणि शिक्क्याचा उजवा भाग. आत आजोबांचं पत्र. वर ‘आश्विन वद्य ५’, साल नाही. मजकूर सहा ओळींचा. मी सुखरूप आहे, पायाची जखम भरत आली, दिवाळीच्या आत निघतो, मुलीला सांभाळ. कोणत्या गावाहून लिहिलं तेही नाही.

आमच्या घरात या पत्राची गोष्ट अशी सांगितली जायची. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसने ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला, धरपकड सुरू झाली, आणि त्याच पावसाळ्यात आजोबा एका रात्री घरातून गेले. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे निजामाचं राज्य चालत नव्हतं. उमरखेडला आणि सरहद्दीवर इतर ठिकाणी लढ्याची शिबिरं होती. आजोबा वर्षाहून जास्त काळ घरी आले नाहीत. पण त्या पहिल्याच दिवाळीला, म्हणजे १९४७ च्या, त्यांचं पत्र आलं, त्यामुळे आजीला घोर नव्हता. कोणी विषय काढला की आजी एवढंच म्हणायची, “पत्र आलं होतं की.” पत्र कुठून आलं यावर दोन मतं होती. कोणी म्हणे उमरखेड, कोणी म्हणे मुखेड, कारण मुखेडला आमचे नातेवाईक आहेत. आणि तिकीट निजामाचं, याबद्दल तर सगळ्यांचं एकमत. तपकिरी रंग, त्यावर उर्दू अक्षरं. आणखी काय पाहिजे?

मीही तेच धरून चालले. मला उर्दू येत नाही, म्हणून त्या पट्टीचा मोठा केलेला फोटो आपल्या दहावीच्या ग्रुपवर टाकला. आपल्यातला एक मित्र, जो शाळेत शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागे उर्दूत सगळ्यांची नावं लिहून द्यायचा, त्याचा अर्ध्या तासात फोन आला. “हे बघ, यात शेवटी पे आणि वाव आहे. म्हणजे ‘पू’ नाहीतर ‘पो’. चारमिनारच्या तिकिटात असा शब्द कुठं येतो?” आम्ही दोघांनी पूर्ण तिकिटाचं चित्र काढून पाहिलं. ‘पू’ कुठेच बसेना.

मग भिंग घेतलं. पट्टीवर कोरीव रेषा नव्हत्या. ठिपके होते. कडेची भोकं मोजली. एक सेंटिमीटरच्या पट्टीत सहाला थोडी कमी. चारमिनारच्या तिकिटाला दोन सेंटिमीटरमध्ये साडेतेरा लागतात, म्हणजे एकात जवळजवळ सात. हे तिकीट साडेअकराचं होतं.

तपकिरी, ठिपक्यांची छपाई, साडेअकरा भोकं, आणि उर्दूत ‘पू’. असं एक तिकीट आहे आणि ते निजामाचं नाही. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, भारत सरकारने गांधीजींची चार तिकिटं काढली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली होती. त्यातलं दीड आण्याचं तिकीट तपकिरी. आणि चारही तिकिटांवर हिंदी आणि उर्दू अशा दोन लिप्यांत एक शब्द आहे, ‘बापू’.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला. त्यांच्या स्मृतीचं तिकीट लावलेलं पत्र १९४७ च्या दिवाळीला येणं शक्यच नाही.

तरी एका पुराव्यावर थांबू नये, म्हणून शिक्का घेतला. मधल्या ओळीत इंग्रजीत २२ आणि ऑक्टोबरची दोन अक्षरं. साल फाटलेल्या भागात गेलं. पंचांग काढलं. १९४७ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आले. त्या वर्षी आश्विन वद्य पंचमी नोव्हेंबरात पडते. १९४८ ला ती २२ ऑक्टोबरच्या आसपास येते. १९४९ चा प्रश्नच नाही, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मोठे काका जन्मले आणि आजोबा घरीच होते.

राहिलं गाव. शिक्क्याच्या रिंगणात इंग्रजीतली शेवटची चारच अक्षरं शिल्लक होती, ‘खेड’. मुखेडही चालेल, उमरखेडही. मुखेड निजामाच्या हद्दीत, तेव्हा तिथून भारताचं तिकीट लागण्याचं कारण नाही, हे खरं. पण मला ते शिक्क्याकडूनच ऐकायचं होतं. इथे आपल्या भूमितीच्या बाई मदतीला आल्या. कंसावर तीन बिंदू घ्या, जीवांचे लंबदुभाजक काढा, वर्तुळाचं केंद्र सापडतं. नववीत आपण ते वहीत काढलं होतं आणि मागून कोणीतरी विचारलं होतं, “बाई, याचा उपयोग काय?” उपयोग हा. केंद्र सापडलं. तारखेची ओळ आडवी धरली की उभा मध्य मिळतो. गावाचं नाव रिंगणात त्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखं बसवलेलं असतं. शेवटचं अक्षर मध्यापासून उजवीकडे साधारण ५३ अंशांवर होतं, म्हणजे पहिलं अक्षर डावीकडे तितकंच दूर असणार. दोन अक्षरांमध्ये साधारण १५ अंश. १०६ अंशांत सात अंतरं, म्हणजे आठ अक्षरं. इंग्रजीत मुखेडला सहा अक्षरं लागतात, शेवटचं ३७-३८ अंशांवर आलं असतं. उमरखेडला बरोबर आठ.

तर पत्र उमरखेडहून २२ ऑक्टोबर १९४८ ला टपालात पडलं. पोलीस ॲक्शन होऊन महिना उलटला होता. आजोबा गेले होते ऑगस्ट १९४७ मध्ये. मधले चौदा महिने. रझाकारांचे चौदा महिने, जेव्हा कोणाच्या घरचा माणूस कुठे आहे हे विचारायचीही चोरी होती. त्या चौदा महिन्यांत आजीकडे पत्र आलेलं नव्हतं.

आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे, नांदेडला असते. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. मी मुद्दाम जाऊन तिला सगळं दाखवलं, भोकं, ठिपके, पंचांग. तिला त्या हिशोबात रस नव्हता. पाकीट हातात घेऊन म्हणाली, “शेजारच्या बाया विचारायच्या आईला, काही खबर हाय का म्हणून. कोणी म्हणायचं, आता किती दिवस कुंकू लावतीस. आई म्हणायची, पत्र आलंय. रोज म्हणायची. मी एकदा म्हणलं, मला दाखव. तर म्हणली, तुला वाचता येतं का? आणि टपालवाल्याच्या वेळेला दारात जाऊन बसायची. मला काय वाटायचं, पत्र आलंय तर मग ही बसती कामून?”

मी विचारलं, “आणि हे पत्र आलं तेव्हा?”

“तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बसायची थांबली.”

आजी शिकलेली नव्हती. तिने ही सगळी पत्रं पंचावन्न वर्षं बांधून ठेवली. तिची सहासात पत्रं तरी मी एका कंपासपेटीसाठी पाण्यात घातली असतील, आणि त्यातलं एखादं आजोबांचंच असेल तर ते आता कधीच कळणार नाही. ही रुखरुख मला आहे. ती या स्मरणिकेत लिहून ठेवायची होती, कारण ज्या सरांनी तेव्हा प्रश्न विचारला ते मेळाव्याला येणार आहेत असं कळलंय.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांची जुनी घरं आता पडत आहेत. माळ्यावर, पेटीत, देवघराच्या फडताळात अशी गाठोडी निघतील. तिकीट सुंदर दिसलं तरी सोडवू नका. पाकीट धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. साध्या कागदी लिफाफ्यात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू विसरू नका, पत्र पोहोचल्याचा शिक्का बहुतेक वेळा मागे असतो. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला पाकीट दाखवा, नुसतं विचारू नका. हातात पाकीट आलं की माणसं वेगळंच बोलतात, हे मी आत्याकडे पाहिलं.

मेळाव्याच्या दिवशी मी स्कॅनर आणि भिंग घेऊन येणार आहे. दुपारच्या जेवणानंतर आपल्या जुन्या सातवीच्या वर्गात बसेन. ज्याच्याकडे जे असेल ते आणा, निजामाचं असो की आंतरदेशीय. उर्दू वाचायला आपला शेवटच्या बाकावरचा मित्र शेजारी असेल, त्याने कबूल केलंय. पाकिटं तुमच्याच हातात राहतील, पाणी कोणी आणणार नाही.

पिवळी कार्डशीटही आणते आहे. अजिंठा अजून उलटाच आहे.